पेशी चेपली गेली तर आतल्या डीएनएचं काय होतं? कर्जत लोकलच्या गर्दीतून समजून घ्या

मे महिन्यातली सकाळ. कळंबहून शेअर रिक्षाने नेरळ स्टेशन गाठायचं आणि कर्जतहून येणारी लोकल पकडायची. सोबत ठाण्याच्या नातेवाइकांसाठी आंबे. वांगणी, बदलापूर, अंबरनाथ करत डबा असा भरतो की हात वर करायलाही जागा राहत नाही. ठाण्याला उतरायचं तर डोंबिवली गेल्यापासूनच दाराकडे सरकायला लागतं. माणूस अंग चोरून, तिरका होऊन कसाबसा निघतो. अडकतं ते सामान.

आंबे लाकडी पेटीत असतील तर पेटी दोन माणसांच्या मधून निघता निघत नाही, पण आतला आंबा शाबूत राहतो. तेच आंबे कापडी पिशवीत असतील तर पिशवी पटकन निघते. पण घरी जाऊन बघावं तर अर्ध्या आंब्यांचा रस झालेला.

आता या माणसाच्या जागी शरीरातली एक पेशी ठेवा. सामान म्हणजे पेशीचं केंद्रक आणि आतले आंबे म्हणजे डीएनए. आपल्या शरीरात अनेक पेशी रोज अशाच गर्दीतून, बारीक फटींमधून वाट काढत असतात. त्यांच्या आतल्या डीएनएवर या चेपाचेपीचा काय परिणाम होतो, याचा शोध घेणारी विज्ञानशाखा म्हणजे मेकॅनोबायोलॉजी. कॅन्सर शरीरभर कसा पसरतो, या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग याच शाखेतून मिळतोय. आणि त्यात आयआयटी मुंबईच्या संशोधकांचंही काम आहे.

केंद्रकात नेमकं असतं काय?

माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ उलगडला तर त्याची लांबी साधारण दोन मीटर भरेल. म्हणजे उंच माणसापेक्षाही जास्त. हा सगळा धागा ४६ गुणसूत्रांमध्ये विभागलेला असतो आणि ज्या केंद्रकात तो बसवलेला असतो, त्याची रुंदी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असते.

हे जमतं कसं? तर हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर हा धागा गुंडाळलेला असतो. धागा आणि रिळं मिळून जे तयार होतं त्याला क्रोमॅटिन म्हणतात. काही ठिकाणी ही गुंडाळी घट्ट असते, काही ठिकाणी सैल. घट्ट गुंडाळलेल्या भागातली जनुकं पेशीला सहसा वाचता येत नाहीत, सैल भागातली वाचता येतात.

हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट यावर उभी आहे. तुमच्या हाडातल्या आणि मेंदूतल्या पेशीत डीएनए जवळपास तोच असतो. फरक असतो तो कोणती पानं उघडी आहेत आणि कोणती मिटलेली आहेत यात.

बाहेरचा धक्का आतपर्यंत पोचतो कसा?

लग्नाचा मांडव आठवा. एका कोपऱ्यातली दोरी ओढली की मधला कापडाचा भागही ताणला जातो, कारण दोऱ्या, बांबू आणि कापड एकमेकांना बांधलेले असतात.

पेशीतही असंच बांधकाम आहे. पेशीच्या बाहेरच्या बाजूला इंटिग्रिन नावाची प्रथिनं असतात. ती आजूबाजूच्या ऊतीला आकड्यासारखी धरून ठेवतात. आतल्या बाजूने त्यांना ॲक्टिन नावाच्या तंतूंच्या दोऱ्या बांधलेल्या असतात. या दोऱ्या थेट केंद्रकाच्या आवरणापर्यंत जातात आणि तिथल्या लिंक कॉम्प्लेक्स नावाच्या जोडणीतून आतल्या जाळीला पकडतात. त्या जाळीला डीएनएचा काही भाग चिकटलेला असतो. म्हणजे पेशी बाहेरून ओढली की ओढ आत डीएनएपर्यंत जाते.

दुसरा रस्ता आहे पेशीच्या दारांचा. पेशीच्या पटलावर पिएझो नावाची दारं असतात. दाब पडला की ती उघडतात आणि कॅल्शियमसारखे भारित कण आत येतात. पेशीसाठी ही धोक्याची घंटाच. ही दारं शोधणाऱ्या आर्डेम पाटापूटियन यांना २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल डेव्हिड ज्युलियस यांच्यासोबत विभागून मिळालं.

नुसत्या ओढण्याने जनुक चालू होतं?

हो, होतं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या निंग वांग यांच्या गटाने हे दाखवलं. त्यांनी जिवंत पेशीच्या पृष्ठभागावर एक बारीक चुंबकीय मणी चिकटवला आणि चुंबकाने तो हलवला. ती ओढ आत पोचली, क्रोमॅटिन ताणलं गेलं आणि ज्या जनुकावर नजर ठेवली होती त्याचं वाचन वाढलं. ना औषध, ना हार्मोन. फक्त ओढ.

त्याआधी दहा वर्षं, म्हणजे २००६ मध्ये, सेल या नियतकालिकात एक संशोधन आलं होतं आणि ते आजही या शाखेतला मैलाचा दगड मानलं जातं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी मूळ पेशी, म्हणजे ज्यांचं पुढे काय व्हायचं ते अजून ठरलेलं नाही अशा पेशी, वेगवेगळ्या कडकपणाच्या जेलवर वाढवल्या. मेंदूइतक्या मऊ जेलवरच्या पेशी चेतापेशींसारख्या दिसू लागल्या. स्नायूइतक्या घट्ट जेलवरच्या पेशी स्नायूंच्या दिशेने गेल्या. आणि सगळ्यात कडक जेलवरच्या पेशींनी हाडाची वाट धरली. पेशीचं पुढचं आयुष्य ठरण्यात तिच्या पायाखालची जमीन किती टणक आहे याचाही वाटा असतो, हे यातून समोर आलं.

या संशोधनाचे पहिले लेखक होते ॲडम एंगलर, दुसरे शमिक सेन. सेन पुढे आयआयटी मुंबईत प्राध्यापक झाले. त्यांच्याबद्दल पुढे येईलच.

आपल्या हाडांत हेच रोज घडतं

तुम्ही चालता, चढ चढता, वजन उचलता तेव्हा हाडावर भार येतो. हाडाच्या आत बसलेल्या पेशींना तो जाणवतो. या पेशी स्क्लेरोस्टिन नावाचं एक प्रथिन बनवतात, जे नवं हाड तयार होण्याला ब्रेक लावतं. भार पडला की हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकाचं काम मंदावतं. ब्रेक सैल होतो आणि हाड मजबूत होतं.

भारच नसेल तर उलटं होतं. अंतराळात वजन जाणवत नाही. तिथे काळजी घेतली नाही तर शरीराचा भार पेलणाऱ्या हाडांची घनता महिन्याला साधारण १ ते १.५ टक्क्याने घटते. म्हणून २८६ दिवस अंतराळात राहून मार्च २०२५ मध्ये परतलेल्या सुनीता विल्यम्स यांच्यासारख्या अंतराळवीरांना तिथे रोज व्यायाम करावाच लागतो.

याचा अर्थ डोक्यावर हंडे घेऊन डोंगर चढणं आरोग्याला चांगलं, असा कुणी काढू नये. मान आणि मणक्यावर पडणारा अतिभार हा त्रासच आहे. मुद्दा एवढाच की योग्य प्रमाणातला भार शरीराला लागतो आणि तो जनुकांपर्यंत पोचतो.

पेटी की पिशवी?

आता परत आंब्यांकडे येऊ.

केंद्रकाच्या आवरणाला आतून एका जाळीचं अस्तर असतं. ही जाळी लॅमिन नावाच्या प्रथिनांची असते. त्यातलं लॅमिन-ए जास्त असेल तर केंद्रक लाकडी पेटीसारखं ताठ राहतं. कमी असेल तर कापडी पिशवीसारखं मऊ.

२०१३ मध्ये सायन्स या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात दिसलं की, ऊती जितकी कडक तितकं तिच्या पेशींमध्ये लॅमिन-ए जास्त. हाडात भरपूर, मेंदूत कमी. हाडाला रोज मार खायचा असतो, म्हणून तिथे पेटी. मेंदू कवटीच्या आत सुरक्षित असतो, तिथे पिशवी चालते.

पेशी एका पातळीवर थांबत नाही, वेळ पाहून बदलतेही. २०२० मध्ये सेलमध्ये आलेल्या एका अभ्यासात संशोधकांनी त्वचेच्या मूळ पेशी ताणून पाहिल्या. ताण बसताच या पेशींनी आपल्या डीएनएची घट्ट गुंडाळी थोडी सैल केली. त्यामुळे केंद्रक मऊ झालं, ताण अंगावर न घेता वाकलं आणि डीएनए वाचला. ज्या पेशींना हे सैल होणं जमू दिलं नाही, त्यांच्या डीएनएचं नुकसान झालं. वादळात ताठ झाड मोडतं आणि लव्हाळं वाचतं, तसंच हे.

म्हणजे ताठपणा आणि मऊपणा दोन्हींचा फायदा आहे आणि दोन्हींची किंमतही. निरोगी पेशी यातला तोल सांभाळते.

हा तोल गेला तर?

२००९ चा 'पा' सिनेमा आठवतोय? अमिताभ बच्चन यांनी त्यात ऑरो नावाच्या मुलाची भूमिका केली होती. ऑरोला प्रोजेरिया होता. लहान वयातच शरीर म्हातारं दिसू लागणारा हा अत्यंत दुर्मीळ आजार.

या आजाराचं कारण २००३ मध्ये सापडलं आणि ते निघालं लॅमिन-ए बनवणाऱ्या जनुकात. बहुतेक मुलांमध्ये त्या जनुकातलं एकच अक्षर बदललेलं असतं. त्यामुळे प्रोजेरिन नावाचं सदोष लॅमिन तयार होतं, केंद्रकाच्या अस्तरात अडकून बसतं आणि केंद्रक वेडंवाकडं होतं.

या मुलांना सगळ्यात मोठा धोका असतो हृदय आणि रक्तवाहिन्यांचा. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला मोठ्या धमन्यांची भिंत ताणली जाते आणि परत जागेवर येते. दिवसाला साधारण एक लाख वेळा. सदोष अस्तराच्या पेशींना हा ताण सोसत नाही. धमन्यांच्या भिंतीतल्या स्नायूपेशी मरत जातात. उपचार नसतील तर ही मुलं सरासरी चौदा-पंधरा वर्षंच जगतात आणि मृत्यूचं कारण बहुतेक वेळा हृदयविकार किंवा पक्षाघात असतं. नोव्हेंबर २०२० मध्ये लोनाफार्निब या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. ते आजार बरा करत नाही, पण आयुष्य वाढवतं.

लॅमिनमधल्या बिघाडामुळे स्नायूंचे काही आजारही होतात. मुंबई विद्यापीठात शिकलेल्या वीणा परनाईक यांनी हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत लॅमिन आणि त्याच्याशी जोडलेल्या आजारांवर अनेक वर्षं संशोधन केलं आहे.

आणि पिशवी फाटली तर?

एप्रिल २०१६ मध्ये सायन्समध्ये एकाच वेळी दोन अभ्यास आले. एक अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून, दुसरा पॅरिसच्या क्युरी इन्स्टिट्यूटमधून. दोन्ही गटांनी पेशींना केंद्रकापेक्षा अरुंद वाटांमधून जायला लावलं.

दोन्हीकडे दिसलं तेच. फटीतून जाताना केंद्रकाचं आवरण फाटतं. आतला ऐवज बाहेर सांडतो आणि डीएनए तुटतो. बहुतेक पेशी हे आवरण लवकरच शिवून घेतात आणि पुढे चालू लागतात. यात फक्त कॅन्सरच्या पेशी होत्या असं नाही. जंतूंच्या मागावर फिरणाऱ्या आपल्या रोगप्रतिकारक पेशींच्या बाबतीतही हे घडतं.

२०१७ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. पेशी बारीक छिद्रातून जाते तेव्हा डीएनए दुरुस्त करणारी प्रथिनंही केंद्रकातून बाहेर पिळली जातात. म्हणजे मोडतोड होते ऐन त्याच वेळी दुरुस्तीवाले मिस्त्री घराबाहेर. हाडाच्या कॅन्सरच्या पेशी अशा छिद्रांतून गेल्यावर त्यांच्या गुणसूत्रांमध्ये वेगवेगळे बदल झालेले दिसले.

इथेच ही गोष्ट गंभीर होते. कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंपैकी बहुतेक मृत्यू पहिल्या गाठीमुळे होत नाहीत, तर कॅन्सर शरीरात इतरत्र पसरल्याने होतात. पसरायचं म्हणजे दाट ऊतीतून आणि रक्तवाहिनीच्या भिंतीतून वाट काढायची. प्रत्येक फटीत पेशीचा डीएनए तुटण्याची शक्यता असते. ज्या पेशी तरीही जगतात, त्या एकसारख्या राहत नाहीत. आणि पेशी जितक्या वेगवेगळ्या, तितकं त्यातल्या एखाद्या गटावर औषध न चालण्याची शक्यता जास्त.

आयआयटी मुंबईच्या प्रयोगशाळेत काय दिसलं?

कॅन्सरच्या पेशीला वाट काढायचे दोन मार्ग असतात. पहिला, तोडफोडीचा. पेशी काही विकरं सोडते, ती आजूबाजूची ऊती विरघळवतात आणि रस्ता तयार होतो. मग ही विकरंच बंद पाडली तर पसरणं थांबेल, असा विचार करून १९९० च्या दशकात औषधं तयार झाली. माणसांवरच्या चाचण्यांमध्ये मात्र त्यांचा अपेक्षित फायदा दिसला नाही. याची कारणं अनेक आहेत. त्यातलं एक म्हणजे पेशीकडे दुसरा मार्ग असतो.

तो मार्ग म्हणजे अंग चोरून निसटायचं. पेशीचं अंग तर कसंही दबतं, अडतं ते केंद्रक. शमिक सेन आणि त्यांच्या आयआयटी मुंबईतल्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये मॅट्रिक्स बायोलॉजी या नियतकालिकात यावरच संशोधन मांडलं. विकरं न वापरता पुढे जायचं असेल तर केंद्रक मऊ होणं आवश्यक असतं, असा त्याचा निष्कर्ष होता.

म्हणजे दार बंद दिसलं की कॅन्सरची पेशी पेटी टाकून पिशवी घेते. म्हणून आता केंद्रकाच्या ताठपणाकडेही संशोधकांचं लक्ष आहे. पेशीला मऊ होऊच दिलं नाही तर ती फटीत अडकेल का, हा त्यातला एक प्रश्न. हे सगळं अजून प्रयोगशाळेच्या पातळीवर आहे. यावर आधारलेली गोळी मेडिकलमध्ये मिळत नाही आणि कुणी विकत असेल तर ती घेऊ नका.

मग मार लागल्याने कॅन्सर होतो का?

इथपर्यंत वाचून हा प्रश्न पडू शकतो. दाबाने डीएनए तुटतो म्हणे, मग लोकलमध्ये चेपलं गेल्याने किंवा छातीला मार लागल्याने कॅन्सर होईल का?

नाही. वर सांगितलेली मोडतोड होते ती पेशी स्वतःच्या केंद्रकापेक्षा अरुंद फटीतून जाते तेव्हा. धक्काबुक्की, मुका मार किंवा मालिश याने कॅन्सर होत नाही. बरेचदा असं होतं की मार लागतो, माणूस ती जागा चाचपून बघतो आणि आधीपासून असलेली गाठ तेव्हा हाताला लागते. मग दोष माराला दिला जातो.

दुसरा गैरसमज जास्त घातक आहे. 'गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो.' गावात आणि व्हॉट्सॲपवर हे वाक्य सर्रास ऐकायला मिळतं. सुईने पेशी पसरण्याचा प्रकार अतिशय विरळ आहे आणि तपासणी करताना डॉक्टर त्याची काळजीही घेतात. तुकडा तपासल्याशिवाय कोणता कॅन्सर आहे हेच कळत नाही, मग उपचार ठरणार कसे? या भीतीने वाया गेलेले महिने सुईपेक्षा कितीतरी जास्त नुकसान करतात.

तिसरं, कंपनं किंवा ठरावीक फ्रिक्वेन्सीचा आवाज ऐकवून डीएनए 'ॲक्टिव्हेट' करून देण्याच्या जाहिराती. ओढीने जनुकाचं वाचन कमी-जास्त होतं, हे विज्ञान खरं आहे. पण त्यामुळे डीएनएची अक्षरं बदलून माणूस नवा होत नाही. हेडफोन लावून तर नाहीच.

टणक गाठीचा अर्थ

स्तनातली कॅन्सरची गाठ अनेकदा हाताला टणक लागते. याचं कारण याच विज्ञानात आहे. गाठीभोवती कोलॅजेनचे तंतू साचत जातात आणि ऊती कडक होते. २००६ च्या जेलच्या प्रयोगात दिसलं तसं, कडक जमीन पेशींना वेगळे इशारे देते. गाठीच्या बाबतीत ते इशारे पेशींना वाढायला आणि पसरायला मदत करतात. पण गाठ मऊ आहे म्हणून ती साधीच, असं मात्र समजू नका. ते तपासणीनंतरच कळतं.

दुखत नाही म्हणून गाठ अंगावर काढणं, त्यावर लेप लावत बसणं किंवा तेल चोळत राहणं यात वेळ जातो. तिशीच्या पुढच्या स्त्री-पुरुषांसाठी सरकारी आरोग्य केंद्रांमध्ये तोंडाच्या कॅन्सरची आणि स्त्रियांसाठी स्तन व गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची प्राथमिक तपासणी केली जाते. पुढच्या उपचारांसाठी परळचं टाटा हॉस्पिटल मध्य रेल्वेच्या त्याच मार्गावर आहे. टाटा मेमोरियल सेंटरचाच भाग असलेली ॲक्ट्रेक ही उपचार आणि संशोधन संस्था तर रायगड जिल्ह्यातच, खारघरला आहे.

गाठ एका जागी आहे तोवर तिच्या पेशींना फारशा फटी ओलांडाव्या लागलेल्या नसतात. प्रत्येक फट ओलांडल्यावर त्या बदलतात आणि उपचार अवघड होतात. म्हणून डॉक्टर 'लवकर या' म्हणतात.